उत्तराक्कांचा वर्ग आणि गावची माफी

उत्तराक्कांनी उभ्या जन्मात कुणाची माफी मागितलेली नव्हती, हे मी शपथेवर सांगते. शपथ कुणासमोर घ्यायची आणि खोटी घेतली तर काय होतं, हे मला त्यांनीच शिकवलंय, त्यामुळे जपूनच बोलते आहे. दूध उतू गेलं तर म्हणणार, गॅस मोठा होता. बसमध्ये माझ्या पायावर त्यांचा पाय पडला तर म्हणणार, सुलभा, पाय आत घे की. चुकलं हा शब्द देवानं त्यांच्या तोंडात घातलाच नव्हता, आणि तो घालायचा नाद मी फार पूर्वीच सोडला होता.

मी सुलभा. कलघटगीच्या सरकारी हायस्कुलात मी चित्रकला शिकवायची आणि उत्तराक्का इतिहास-नागरिकशास्त्र. धारवाडला माळमड्डीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. नोकरीभर एकाच बसनं गेलो नि एकाच बसनं परत आलो. रिटायर झाल्यावर मी दुपारची झोप धरली आणि यांनी कायदा धरला. रोज सकाळी चिगरी नावाच्या जलद बसनं हुबळीच्या लॉ कॉलेजात जायचं, नातवाच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसायचं, येताना कोप्पीकर रोडवरून एखादं जाडजूड पुस्तक उचलून आणायचं. त्यांचे यजमान विठ्ठलराव गरीब माणूस. त्यांनी एकदाच विचारलं, "या वयात काळा कोट घालणार की काय?"

"कोट कुणाला हवाय," उत्तराक्का म्हणाल्या. "मला कळायला हवंय. आयुष्यभर बघत आले, ऑफिसातून लखोटा आला की मास्तर आधी घाबरतो, मग चार जणांना विचारतो, आणि आत काय लिहिलंय ते वाचायचं राहूनच जातं."

परीक्षा पास झाल्या. कोर्टाची पायरी काही चढल्या नाहीत. घराच्या पडवीत शनिवारचा वर्ग मात्र सुरू केला. शनिवारी शाळा सकाळच्या असतात, त्यामुळे दुपारी शिक्षक मोकळे. कलघटगीचे, अळणावरचे, धारवाडातलेच काही, असे यायचे. फी नाही. चहा विठ्ठलराव करायचे आणि तो चांगला करायचे, हे मान्य करायला पाहिजे. निम्मा वर्ग कानडीत, निम्मा मराठीत, आणि ज्याला जे कळेल ते त्यानं दुसऱ्याला सांगायचं.

मी भिंतीपलीकडे झोपायचा प्रयत्न करायची. कसली झोप. शेवटी उशी गुंडाळून ठेवली आणि वर्गात जाऊन बसायला लागले.

एक खरं, शिकवायच्या फार छान. कायद्यातल्या शब्दांची माणसांना जी धास्ती असते ती त्या आधी काढून टाकायच्या. "निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे. चौकशी होईपर्यंत तुम्हाला बाजूला बसवलंय, एवढंच. पातेलं चुलीवरून खाली ठेवलं म्हणजे आमटी ओतून दिली का?" नैसर्गिक न्याय हा शब्द ऐकून एक मास्तर वहीत लिहायचा थांबला, तर म्हणाल्या, "घरात भांडं फुटलं तर आधी विचारायचं, मग रागवायचं. एवढाच त्याचा अर्थ. विचारायच्या आधीच रागावलात तर तुम्ही न्यायाधीश नव्हे, सासू." सगळे हसले. विठ्ठलराव जरा जास्तच हसले, कारण सासू त्यांची आई होती.

जन्माचा दाखला नाही म्हणून पोराला दारातून परत पाठवू नका, हे त्या दर शनिवारी सांगायच्या. दुसऱ्या शाळेतून नाव काढल्याचा दाखला यायला उशीर झाला तरी पोराला आधी वर्गात बसवा, कागद मागून येईल, हेही. एकदा कलघटगीकडच्या एका बाईंनी विचारलं, "अक्का, आईबापच येऊन सांगतात, अक्कोर, दोन ठेवून द्या पण शिकवा. मग?" आमच्याकडे खेड्यात शाळेतल्या बाईंना अक्कोर म्हणतात. उत्तराक्का म्हणाल्या, "आईबापांनी परवानगी दिली म्हणून शिक्षण हक्क कायद्याचं कलम सतरा रजेवर जात नाही. मारायचं नाही आणि मनाला लागेल असंही वागायचं नाही. पोराचं अंग पोराचं आहे, बापानं ते तुम्हाला दान दिलेलं नाही."

पण त्यांचा सगळ्यात लाडका नियम वेगळाच. त्यांच्या स्वभावातूनच आलेला, असं माझं मत. "नोटीस आली की 'चूक झाली, क्षमा असावी' असं लिहायचं नाही. आरोप काय ते विचारायचं, पुरावा काय ते विचारायचं. आरोप ज्यानं केला, सिद्ध त्यानं करायचा. माफी म्हणजे कबुली. कबुली दिलीत की त्यांचं काम झालं आणि तुमचं आटोपलं." हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की मला वाटायचं, बाईंना जन्मभर जे जमलं नाही त्याला कायद्याचा आधार मिळाला.

या वर्गात संगीता यायची. अळणावरच्या पुढच्या एका खेड्यात दोन शिक्षकी सरकारी शाळा, तिथं ती पहिली ते पाचवी शिकवायची. आईवडील दुसऱ्याच्या रानात कामाला जाणारे. घरात सरकारी नोकरी लागलेली ही पहिलीच. एकदा तिच्याबरोबर धारवाडला आलेली तिची आई मला म्हणाली होती, "बाई, आता आमच्याकडं कुणी ए म्हणून हाक मारत नाही." संगीता वर्गात कोपऱ्यात बसायची, शेवटी एखादा प्रश्न विचारायची, आणि तो नेमका असा असायचा की उत्तराक्कांना पुस्तक उघडावं लागायचं.

एका शनिवारी ती आली आणि कोपऱ्यात न बसता सरळ उत्तराक्कांसमोर उभी राहिली. म्हणाली, "अक्का, मला सस्पेंड केलंय."

झालं होतं ते असं. चौथीतला राजू दुपारच्या जेवणाच्या वेळी शाळेमागं पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढला आणि खाली पडला. हात मोडला. दुसरे मास्तर मीटिंगला गेलेले. संगीता पोरांना भात वाढत होती. आवाज ऐकून धावली, कुणाची तरी मोटरसायकल थांबवली, पोराला मांडीवर घेऊन अळणावर आणि तिथून धारवाडचं मोठं हॉस्पिटल. प्लास्टर होईपर्यंत जागची हलली नाही. राजूनं बापाला स्वतः सांगितलं, मीच चढलो होतो. बाप परशुराम, शेतकरी माणूस. त्यानं तक्रार केली नाही, आवाज चढवला नाही, काही नाही. सगळं तिथंच मिटलं असतं.

पण त्या गावची एक रीत आहे. गावात काही वाईट झालं, कुणाला लागलं, की ज्याच्या ताब्यात असताना ते झालं त्यानं लक्ष्मीच्या देवळासमोर चार माणसांत नारळ फोडायचा आणि म्हणायचं, "तप्पात्री." म्हणजे झाली चूक, पदरात घ्या. संगीतानं नारळ फोडला. हात जोडून तप्पात्री म्हणाली. किराणा दुकानाचा गणेश मोबाइलवर ते टिपत होता. मनात काही वाईट नव्हतं त्याच्या, गावात काही झालं की तो टिपतोच. त्यानं ते गावाच्या ग्रुपवर टाकलं. तिथून अळणावर, तिथून हुबळी. वाटेत कुणा शहाण्यानं वर एक ओळ चिकटवली, "पोराचा हात मोडणाऱ्या शिक्षिकेची गावासमोर माफी." ते फिरत फिरत शिक्षण खात्याच्या साहेबांच्या मोबाइलवर पोचलं. मग निलंबन, मग आरोपपत्र. कलम सतरा, विद्यार्थ्याला मारहाण.

उत्तराक्कांनी आरोपपत्र दोनदा वाचलं. रागावल्या की त्यांचा आवाज खाली जातो, तसा गेला.

"याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी काय शिकवलं होतं तुला?"

"नोटिशीच्या उत्तरात चूक झाली असं लिहू नका, असं शिकवलंत," संगीता म्हणाली. "देवळाबद्दल काही म्हणाला नव्हतात, अक्का."

मला हसू आलं. बाकी कुणी हसलं नाही, म्हणून मीही तोंड मिटलं.

"मारहाण सिद्ध झाली तर पगारवाढ थांबून भागणार नाही," उत्तराक्का म्हणाल्या. "नोकरी जाईल."

"माहीत आहे," संगीता म्हणाली. "आईला अजून सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघते आणि अळणावरच्या स्टँडवर बसते." नोकरी गेली तर त्या घराला पुन्हा ए म्हणून हाक मारणारे कितीजण तयार असतील, ते मला न सांगता कळत होतं.

अशा चौकशीत वकील उभा करायला वेगळी परवानगी लागते, पण निवृत्त सरकारी नोकर मदतनीस म्हणून बसू शकतो. उत्तराक्का निवृत्त शिक्षिका. त्यांनी अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. इतकी वर्षं पडवीत बसून दुसऱ्याला पोहायला शिकवलेली बाई, आता स्वतः पाण्यात उतरायची वेळ आली. दोन दिवस त्या विठ्ठलरावांवर उगाच खेकसत होत्या.

संगीताला त्यांनी पाढ्यासारखं पाठ करायला लावलं. "गावाच्या दबावामुळं मी माफी मागितली. ती मी मागे घेते. म्हण."

संगीता म्हणायची. पण कशी, तर नको असलेलं औषध घ्यावं तशी. मी उत्तराक्कांना म्हटलं, "पोरीच्या मनात हे नाही हो." त्या म्हणाल्या, "मनात काय आहे त्याची नोंद होत नाही, सुलभा. तोंडातून काय आलं त्याची होते."

चौकशी धारवाडातच एका ऑफिसच्या खोलीत झाली. बाळाचार्य म्हणून एक वयस्क अधिकारी चौकशी करत होते, कपाळावर गोपीचंदन, बोलणं संथ. मला आत बसायची परवानगी नव्हती. मी बाहेरच्या बाकावर बसले. उन्हाळा असल्यामुळं दार उघडंच होतं, आणि कान माझे चांगले आहेत.

राजूनं सांगितलं, मीच पडलो. परशुरामनं सांगितलं, अक्कोरांनी हात लावला नाही. खात्याची बाजू मांडणारे जे होते, त्यांनी शांतपणे मोबाइलवरचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. मग म्हणाले, "गाव बाईंना सांभाळून घेतंय, साहेब. तेही समजू शकतो. पण मारलं नव्हतं, तर माफी कशाची?"

खरं सांगायचं तर प्रश्न चोख होता.

बाळाचार्यांनी संगीताला विचारलं, "या माफीबद्दल तुम्हाला काही म्हणायचंय का?"

उत्तराक्कांनी तिच्याकडे बघून मान हलवली. म्हण, आता म्हण.

संगीता उठली. "सर, माझ्यावर कुणाचा दबाव नव्हता. मी आपणहून माफी मागितली. ती मी मागे घेणार नाही."

आत कुणीतरी पेन खाली ठेवल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

"म्हणजे तुम्ही मारलंत?"

"नाही, सर. बोटही लावलं नाही. पण पोरगं माझ्या ताब्यात होतं. आईनं सकाळी माझ्याकडं धड पाठवलं होतं आणि मी मोडक्या हाताचं परत दिलं. भात वाढताना माझं लक्ष नव्हतं. त्याची मी माफी मागितली. आता नोकरीसाठी ती मागे घेतली, तर उद्या त्या आईसमोर कुठल्या तोंडानं उभी राहू?"

मी दारातून डोकावले. उत्तराक्कांचा चेहरा पार उतरला होता. इतक्या शनिवारांचं शिकवणं पोरीनं एका मिनिटात पाण्यात सोडलं, असंच मला तेव्हा वाटलं. आणि पोरीचा रागही आला, लपवून काय उपयोग. खरेपणाला पण काही वेळकाळ असतो की नाही? उत्तराक्कांनी समोरचा कागद, ज्यावर सगळे प्रश्न काढून आणले होते, तो घडी घालून पर्समध्ये टाकला.

"परशुरामांना परत बोलवायचंय," त्या म्हणाल्या.

परशुराम टोपी हातात घेऊन आत गेला.

"अण्णा, तुमचा बैल शेजाऱ्याच्या रानात शिरला तर तुम्ही काय करता?"

"जातो. तप्पात्री म्हणतो."

"पीक कुणी खाल्लं?"

"बैलानं की."

"मग तप्पात्री तुम्ही का म्हणता?"

"बैल माझा. मी बांधायला पाहिजे होता." असं कसं विचारता, अशा नजरेनं तो बघत होता.

"त्या दिवशी देवळासमोर अक्कोर तप्पात्री म्हणाल्या. पुढं काय झालं?"

उत्तर माहीत नसलेला प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही, हा त्यांचाच नियम, वर्गात मी स्वतः ऐकलेला. आणि याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं, त्यांच्या लेखी माफीच्या पुढं काही असायचं कारणच नव्हतं.

"पुढं काय," परशुराम म्हणाला, "मग मी म्हटलं."

"काय म्हटलंत?"

"तप्पात्री. पोरगं माझं. टाकीवर चढू नये हे मी शिकवायला पाहिजे होतं. आणि अक्कोर त्याला मांडीवर घेऊन धारवाडपर्यंत गेल्या, मी बाप असून संध्याकाळी उगवलो. मग पोराची आई म्हणाली. मग गावचे पुढारी म्हणाले, टाकीला कुंपण घालायचं राहून गेलं म्हणून. सगळे म्हणतात. एकट्यानं म्हणून कसं चालेल?"

"हे व्हिडिओत नाही," खात्याचे गृहस्थ म्हणाले.

"गणेशच्या दुकानात गिऱ्हाईक आलं," परशुराम म्हणाला. "तो मधेच उठून गेला."

बाळाचार्य हसू दाबत काहीतरी लिहीत होते. उत्तराक्का उभ्या राहिल्या. आवाज नेहमीचा, वर्गातला.

"साहेब, कबुली पुरावा म्हणून धरायची तर ती कशाची आहे ते स्वच्छ पाहिजे. संगीतानं कबूल केलं ते लक्ष नसल्याचं. मारल्याचं नव्हे. या गावची तप्पात्री मारहाणीची कबुली धरायची असेल, तर बाप, आई आणि पुढारी, सगळ्यांनी मिळून राजूला मारलं असं आपल्याला लिहावं लागेल."

मारहाणीचा आरोप सिद्ध झाला नाही. जेवणाच्या वेळी लक्ष ठेवलं नाही, एवढ्यासाठी लेखी ताकीद मिळाली आणि संगीताला त्याच शाळेवर परत घेतलं. उत्तराक्कांना ती ताकीदही खपेना. अपील करू म्हणाल्या, दोन शिक्षकी शाळेत एकटी बाई किती ठिकाणी बघणार. संगीता म्हणाली, "असू दे, अक्का. तेवढं खरं आहे." ती गेल्यावर उत्तराक्का पडवीत तशाच बसून राहिल्या, आणि विठ्ठलरावांनी दिलेला चहा गार झाला.

संगीता रुजू व्हायच्या दिवशी गावानं आम्हा दोघींना बोलावलं. टाकीला कुंपण झालं होतं. तिची आईही आली होती, नवं लुगडं नेसून. मोडलेली गोष्ट सांधली की परत एकदा नारळ फोडायचा, ही त्यांची रीत. परशुराम तप्पात्री म्हणाला, तुमची नोकरी आमच्या गावामुळं धोक्यात आली म्हणून. गणेश म्हणाला, अर्धवट टाकलं म्हणून, आणि म्हणून झाल्यावर परत मोबाइल काढून टिपायला लागला. जित्याची खोड. संगीता म्हणाली, इतके दिवस पोरांचा अभ्यास बुडाला म्हणून. मग सगळ्यांनी उत्तराक्कांकडे बघितलं.

मला वाटलं, आता म्हणतील, मी इथली नव्हे. किंवा आरोप काय, ते विचारतील. त्या देवळाच्या पायरीपाशी नुसत्या उभ्या होत्या, हातात पर्स घट्ट धरून. गणेशला वाटलं आता काही होत नाही, म्हणून त्यानं मोबाइल खाली घेतला.

उत्तराक्कांनी पर्स माझ्या हातात दिली आणि हात जोडले. देवीकडे नव्हे, संगीताकडे वळून.

"तुझ्या नोकरीसाठी मी तुला खोटं बोलायला शिकवत होते," त्या म्हणाल्या. "तप्पात्री."

संगीता त्यांच्या पाया पडायला वाकली, त्यांनी तिला मधेच धरलं. माझे डोळे भरून आले आणि ते दिसू नयेत म्हणून मी दोन पावलं मागं सरकले.

"गणेश," उत्तराक्का म्हणाल्या, "मोबाइल खाली घेऊ नको. या वेळी शेवटपर्यंत घे. अजून सुलभा राहिलीय."